परदेशात रात्रीबेरात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?

ऊनसावली:
नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी जे घडलं ते आज जरा सुसंगत लिहिता येतंय, म्हणून हा धागा काढतेय.

आम्हाला जर्मनीत येऊन जेमतेम चार महिने झालेत. नवरा ४१ वर्षांचा. तब्येतीची कधी तक्रार नाही. त्या रात्री मी अकराला झोपले, तो लॅपटॉपवर काम करत बसला होता. सव्वादोनला काहीतरी आपटल्याचा आवाज झाला म्हणून उठले, तर तो बाथरूमच्या दारात जमिनीवर बसलेला. काय झालं विचारलं तर बोलला, पण एक शब्द लागेना. उजवा हात वर कर म्हटलं, तर डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

आणि मी ११२ ला फोन केला नाही. आधी इथल्या मैत्रिणीला केला, तिने उचलला नाही. मग दुसरीला. मग मायदेशी डॉक्टर असलेल्या मामेभावाला. तो एवढंच म्हणाला, "ताई, फोन ठेव आणि ॲम्ब्युलन्स बोलाव." या सगळ्यात १७ मिनिटं गेली. कॉल लॉगमध्ये अजून दिसतात. मी ती पुसलेली नाहीत.

११२ वरचा माणूस माझ्याशी सरळ इंग्लिशमध्ये बोलला. माझ्या जर्मनची मला जी धास्ती होती ती फुकट होती. पण तो एक प्रश्न विचारत होता जो मला कळतच नव्हता: "बेलवर नाव काय आहे?" इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खाली बेलच्या पाट्यांवर आडनावं असतात. आमच्या बेलवर अजून आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. मी मात्र आमचं आडनाव सांगून मोकळी झाले. गाडी आठ मिनिटांत आली. निळा दिवा आमच्या छतावर फिरत होता, आणि माणसं खाली एकेक पाटी वाचत उभी होती. शेवटी खिडकी उघडून मी मराठीत ओरडले, "इकडे, वर!" तेवढ्यावर त्यांना कळलं.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न: यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? मी सांगितलं, रात्री अकराला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग विचारलं, त्यानंतर त्यांनी कोणाला मेसेज, मेल काही केलं का? फोन अंगठ्याच्या ठशावर उघडतो. मी त्याचा तो उजवा, निर्जीव अंगठा उचलून फोनवर टेकवला. ऑफिसच्या ग्रुपवर १:३४ ला त्याने दोन ओळींचं नीट, एकही चूक नसलेलं उत्तर लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ती वेळ कागदावर लिहून तिच्याभोवती गोल केला. पक्षाघात होता. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. अकरापासून मोजलं असतं तर मुदत साडेतीनलाच संपत होती. १:३४ पासून मोजल्यामुळे सीटी स्कॅन करून औषध देता आलं.

तो आता पुनर्वसन केंद्रात आहे. त्याबद्दल नंतर लिहीन. मला विचारायचंय ते हे: तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही आधी काय केलंत? आणि आधीपासून काय तयार ठेवायला हवं होतं असं आता वाटतं?

कोरांटी:
बापरे. वाचताना अंगावर काटा आला. ऊनसावली, आधी स्वतःला सांभाळा. त्या १७ मिनिटांचा दोष स्वतःकडे घेऊ नका. परक्या देशात माणूस आधी ओळखीचा आवाज शोधतो, मीही तेच केलं असतं.

निळीशाई:
मी आपत्कालीन विभागात काम करतो, मायदेशात नाही, बाहेरच. तुम्ही १:३४ चा मेसेज शोधलात हे फार मोठं काम झालं. 'शेवटचं धडधाकट कधी' या उत्तरावर पुढचे उपचार अवलंबून असतात आणि नातेवाईक गांगरून हमखास झोपायची वेळ सांगतात. लक्षणं झोपेत सुरू झाली असतील तर एमआरआय करूनही काही रुग्णांत निर्णय घेता येतो, मोठी गुठळी असेल तर ती नळी घालून काढायला काही जणांत २४ तासांपर्यंत वाव असतो. पण हे सगळं प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक रुग्णाला मिळेलच असं नाही. वेळ नेमकी सांगता आली तर सगळंच सोपं होतं.

पक्षाघात ओळखायच्या तीन गोष्टी पाठ करा: चेहरा एका बाजूला ओघळलाय का, दोन्ही हात वर धरल्यावर एक खाली येतोय का, बोलणं अडखळतंय का. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघा आणि थेट आपत्कालीन नंबर फिरवा.

आडवाट:
सहानुभूती आहेच, पण थोडं वेगळं मत मांडतो. सगळे देश जर्मनी नाहीत. मी अमेरिकेत असतो. दोन वर्षांपूर्वी छातीत दाटून आलं, डावा खांदा भरून आला, दरदरून घाम फुटला. मी ९११ केला नाही, टॅक्सी बोलावली. कारण सांगतो: आमच्या शेजाऱ्यांना ॲम्ब्युलन्सचं बिल आलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. पोचलो, उपचार झाले, आज तुमच्याशी बोलतोय. त्यामुळे 'आधी ॲम्ब्युलन्सच' हा नियम सगळीकडे लागू होतो असं मला वाटत नाही. ज्याला बिल भरायचंय त्यालाच ते ठरवू द्या.

नीलमोहोर:
आडवाट, तुम्ही सुखरूप आहात याचा आनंद आहे, पण हा सल्ला म्हणून इथे राहू नये असं मनापासून वाटतं. उद्या कोणीतरी वाचून टॅक्सी बोलवेल.

निळीशाई:
@आडवाट, बिलाची भीती खोटी नाही, ती मी रोज बघतो. पण त्या दहा मिनिटांत तुमचं हृदय बंद पडलं असतं तर टॅक्सीवाला काय करणार होता? हार्ट अटॅकमध्ये पहिल्या तासाभरात हृदयाची लय बिघडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि शॉक दोन्ही मिळाले नाहीत तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्समध्ये शॉकचं यंत्र असतं.

दुसरं, गाडीतच ईसीजी काढून तो पुढे पाठवता येतो. रुग्ण दारात येईपर्यंत अँजिओप्लास्टीची टीम तयार होते. दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांच्या आत रक्तवाहिनी उघडायची, हे लक्ष्य असतं. टॅक्सीने आलेला माणूस आधी नोंदणीच्या खिडकीशी उभा राहतो. तुम्ही किती वेळ उभे होतात?

आडवाट:
... वीस-बावीस मिनिटं. खुर्चीत बसून फॉर्म भरत होतो. अक्षर वेडंवाकडं येत होतं ते आठवतंय. मी छातीत 'अनकम्फर्टेबल' वाटतंय असं म्हणालो होतो, म्हणून असेल.

कोरांटी:
आडवाट, तुमच्या या शेवटच्या वाक्यावर मला लिहायचंच आहे!

दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. ठणका, कळ, चमक, शिणक, सल, हुळहुळ, जळजळ, मुरडा, कळा, भरून येणं, दाटून येणं, जड होणं, बधिर होणं, मुंग्या येणं. आईला 'कळ येतेय' म्हटलं की तिला कळतं, हे येतं नि जातं. 'ठणकतंय' म्हटलं की नाडीच्या ठोक्याबरोबर दुखतंय. आणि परदेशात डॉक्टरसमोर बसलं की आपल्याकडे उरतात दोनच शब्द: 'पेन' आणि 'अनकम्फर्टेबल'. त्यातून आपल्याला सोसायची सवय, म्हणून सौम्य शब्द निवडायचा. समोरचा तेच लिहून घेतो.

माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी फोनवरच्या भाषांतराचा आधार घेतला. ते म्हणाले "छाती भरून आलीय". पडद्यावर उमटलं की यांचं मन भावनांनी भरून आलंय. नर्स बिचारी त्यांचा हात धरून थोपटायला लागली! आता आठवलं की आम्ही सगळे हसतो, सासरे सर्वांत जास्त.

तर माझी सूचना: ज्या देशात राहता तिथल्या भाषेत निदान दहा वाक्यं लिहून ठेवा. दाबल्यासारखं, भोसकल्यासारखं, जळल्यासारखं, येऊन-जाऊन, सतत, इथून तिथे जातं. १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने दुखण्याच्या वर्णनाची एक प्रश्नावली आली. तिच्यात इंग्लिशमधली ७८ विशेषणं आहेत, गटांत लावलेली. डॉक्टर लोक या शब्दांतून अंदाज बांधतात, मग आपण एकाच शब्दावर का भागवायचं?

गोधडी:
कोरांटी, 'शिणक'! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आजी म्हणायची.

निळीशाई:
कोरांटींना पूर्ण अनुमोदन. एकच भर: शब्द सुचेनात तर हात ठेवून दाखवा. छातीवर आख्खी मूठ ठेवणारा आणि एका बोटाने जागा दाखवणारा, यात आम्हाला फरक दिसतो. आणि दुखणं शून्य ते दहा सांगा म्हटलं की संकोच करू नका. बाळंतपणाच्या कळा सोसलेल्या बायका पित्ताशयाच्या दुखण्यालाही 'तीन' म्हणतात!

दुभाषा मागा. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो, बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर. मराठीचा न मिळाला तर हिंदीचा मिळतो. घरच्या लहान मुलाला दुभाषा करू नका. आठ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या आईला "तुझ्या पोटातलं बाळ गेलं" हे भाषांतर करून सांगताना मी पाहिलंय. पुन्हा बघायची इच्छा नाही.

सातपुडा:
जपानमधला अनुभव. मुलगी तेव्हा दीड वर्षाची. रात्री ताप चढला आणि अचानक डोळे फिरवले, हातपाय ताठ झाले, ओठ निळसर. आम्हा दोघांना वाटलं संपलं सगळं. तापातला झटका होता हे नंतर कळलं.

इथे ११९ हा आग आणि ॲम्ब्युलन्स दोन्हीचा नंबर आहे. फोन उचलल्या उचलल्या ते विचारतात, "काजी देस का, क्यूक्यू देस का?" म्हणजे आग की रुग्ण? बायको रडत 'बेबी, बेबी' म्हणत होती. पलीकडचा शांतपणे तेच विचारत राहिला. मला फक्त 'क्यूक्यू' हा शब्द माहीत होता, इमारतीच्या नोटिशीवर वाचलेला. तो एक शब्द बोललो आणि पुढची सगळी साखळी हलली.

गाडी आली, पैसे लागत नाहीत. पण एक गोष्ट ठाऊक असलेली बरी: गाडी दारात येऊन लगेच निघत नाही. आतली माणसं एकेका हॉस्पिटलला फोन करून 'घेता का' विचारतात. आम्ही बारा मिनिटं दारातच उभे होतो आणि मी वेडापिसा झालो होतो. त्यांची पद्धतच तशी आहे हे आधी माहीत असतं तर त्यांच्यावर ओरडलो नसतो. आत्ता गाडी बोलवावी की नाही असा प्रश्न पडला तर विचारायला #७११९ आहे, मुलांसाठी #८०००.

एकटाजीव:
हे सगळं वाचतोय आणि एकच विचार येतोय: तुम्हा सगळ्यांबरोबर कोणीतरी होतं. मी एकटा राहतो. गेल्या वर्षी अपेंडिक्स फुटलं. मी विद्यार्थी, रूममेटची आणि माझी ओळख महिनाभराची. त्यानेच नेलं. नंतर माझ्या घरून त्याला फोन गेले तर हॉस्पिटल त्याला काहीच सांगेना. रुग्णाच्या परवानगीशिवाय माहिती देता येत नाही म्हणाले. मी ऑपरेशन टेबलावर, आईबाबा हजारो मैल दूर, आणि मधला एकुलता एक माणूस कॉरिडॉरमध्ये काहीही माहिती नसलेला. आई नऊ तास फोन हातात धरून बसली होती.

माझ्यासारख्यांनी काय करावं?

निळीशाई:
@एकटाजीव, दाखल होताना शुद्धीत असाल तर स्वतःहून सांगा, "अमुक व्यक्तीला माझी माहिती द्या", आणि नाव कागदावर लिहून घ्यायला लावा. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हरवतं. बेशुद्ध असाल आणि जिवाला धोका असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत. सज्ञान माणसाला ऑपरेशनला आईवडिलांची सही लागत नाही, तेव्हा त्या काळजीने कोणी दिरंगाई करू नये. बऱ्याच देशांत 'माझ्या वतीने वैद्यकीय निर्णय कोण घेईल' असं अधिकारपत्र आधीच करून ठेवता येतं. एकट्या राहणाऱ्यांनी ते जरूर करावं.

आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर वैद्यकीय माहिती भरा. आयफोनला 'मेडिकल आयडी' आहे, अँड्रॉइडला 'इमर्जन्सी इन्फर्मेशन'. पासवर्डशिवाय उघडते. ॲलर्जी, चालू औषधं, आजार, कोणाला कळवायचं. आम्ही ती खरंच बघतो.

गोधडी:
औषधांवरून आठवलं. नावं! सासूबाई आमच्याकडे इंग्लंडला सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पाचव्या आठवड्यात पाय घसरून खुबा मोडला. ९९९, ॲम्ब्युलन्स, सगळं झालं. तिथे विचारलं, कोणत्या गोळ्या घेतात? मी म्हटलं, एक पांढरी, एक गुलाबी आणि अर्धी पिवळी. त्यांना काय कळणार! मायदेशातलं ब्रँडचं नाव सांगितलं तर ते इथे नसतंच. शेवटी यजमान घरी जाऊन गोळ्यांची पिशवीच घेऊन आले. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, त्यावरून लागलं. त्यातली एक रक्त पातळ करणारी होती. ते कळायच्या आधी ऑपरेशन झालं असतं तर? त्या विचाराने मला अजून झोपेतून जाग येते.

खर्चाबद्दलही सांगते, कारण आमचा गैरसमज होता. अपघात विभागातले उपचार सगळ्यांना मोफत असतात हे खरं. पण पाहुणा म्हणून आलेला माणूस वॉर्डात दाखल झाला की मोफत राहत नाही. सरकारी दराच्या १५० टक्के आकारणी होते. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, बिल मागून येतं. आणि ५०० पौंड किंवा जास्त थकबाकी राहिली तर पुढे व्हिसा नाकारला जाऊ शकतो. हप्ते बांधून मिळतात, आम्ही बांधून घेतले.

हिशेबनीस:
गोधडींनी विषय काढलाच आहे तर अमेरिकेचं सांगतो, आडवाट यांच्यासाठीही. मी हॉस्पिटलच्या बिलांचंच काम करतो.

१९८६ च्या कायद्याप्रमाणे आपत्कालीन विभागात आलेल्या कोणाचीही तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. विमा, व्हिसा, खिशातले पैसे यांवरून परत पाठवता येत नाही. तेव्हा दारात 'माझ्याकडे विमा नाही' म्हणून मागे फिरू नका. जानेवारी २०२२ पासून आणखी एक कायदा लागू आहे: आरोग्य विमा असेल तर आपत्कालीन उपचारांना विमा कंपनीच्या यादीबाहेरचं हॉस्पिटल म्हणून जादा बिल लावता येत नाही. हवाई ॲम्ब्युलन्सही त्यात आहे. रस्त्यावरची मात्र त्यातून सुटली, आणि आडवाट यांची भीती नेमकी तिथली आहे. ती अनाठायी नाही.

पण आलेलं पहिलं बिल ही शेवटची रक्कम नसते. प्रत्येक गोष्टीचा वेगळा तपशील मागवा. न घेतलेली तपासणी, दोनदा लावलेलं औषध सापडतं. विना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक साहाय्याचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, त्याचा फॉर्म मागा. कोणी आपणहून देत नाही. बिल बघून लोक घाबरून क्रेडिट कार्डावर भरून टाकतात आणि मग बोलणी करायची जागाच उरत नाही.

आईवडिलांसाठी पाहुण्यांचा विमा घेताना 'आधीपासूनचे आजार' हे कलम अक्षरन् अक्षर वाचा. काही पॉलिसी जुन्या आजारातल्या फक्त अचानक उद्भवलेल्या त्रासाचे पैसे देतात, तेही मर्यादेत, वयाची अट घालून. स्वस्त पॉलिसीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रकमेचीच कमाल असते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. लोक व्हिसापुरता तेवढाच घेतात.

आडवाट:
हिशेबनीस, हे मला त्या रात्रीपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझं पहिलं मत मी मागे घेतो. नीलमोहोर, तुमचं बरोबर होतं. मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही काल ९११ करायला शिकवलं. पत्ता पाठ करून घेतला.

वाटसरू_७:
प्रत्येकाने घरात ॲस्पिरिन ठेवावी, असं काही झालं की लगेच चघळायला द्यावी, असा साधा उपाय कोणीच कसा लिहिला नाही?

निळीशाई:
@वाटसरू_७, थांबा, हे महत्त्वाचं आहे. हार्ट अटॅकचा संशय असेल, ॲलर्जी वा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ॲम्ब्युलन्स बोलावल्यानंतर फोनवरची व्यक्ती तसं सांगते आणि ते योग्य आहे. पण ऊनसावलींच्या नवऱ्याला झालं तसं, पक्षाघाताची लक्षणं असतील तर देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यासाठीच आधी सीटी स्कॅन. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. पाणीसुद्धा पाजू नका, गिळण्याचे स्नायू लुळे असले तर ते फुप्फुसात जातं.

वाटसरू_७:
हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

नीलमोहोर:
मला एक वेगळाच प्रश्न विचारायचाय. मायदेशी आईवडिलांना कधी सांगायचं? माझ्या नवऱ्याची बायपास झाली तेव्हा आम्ही सासू-सासऱ्यांना ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी सांगितलं. त्यांना त्रास नको म्हणून. सासऱ्यांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. पुढे वर्षभराने भेटलो तेव्हा म्हणाले, "सूनबाई, त्या चार दिवसांत मी त्याच्यासाठी काही करू शकलो नसतो हे मला कळतं. पण मी त्या चार दिवसांत हसत होतो, फिरायला जात होतो. ते मला सहन होत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सातपुडा:
आम्ही नाही सांगितलं आणि त्याचा पश्चात्ताप नाही. त्यांची वयं ८० च्या पुढची. मध्यरात्री फोन वाजला तर तेच खाली पडायचे.

एकटाजीव:
माझी आई म्हणेल, सांगा. नऊ तास फोन धरून बसली तरी ती म्हणते, माहीत नसण्यापेक्षा ते बरं होतं.

गोधडी:
याचं एक उत्तर नाही. आम्ही धाकट्या दिराला आधी कळवलं. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि मग बोलला. फोनवर अशी बातमी एकट्या माणसाला देऊ नये एवढं मला कळतं.

हिशेबनीस:
जाता जाता: रुग्णाला मायदेशी न्यायची घाई करणाऱ्यांसाठी. ऑपरेशननंतर विमान कंपनीला डॉक्टरने भरलेला प्रवासयोग्यतेचा फॉर्म लागतो. स्ट्रेचरवर न्यायचं तर अनेक आसनं मोडून जागा करतात आणि त्या सगळ्यांचे पैसे लागतात. दूतावासाला लवकर कळवा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या नागरिकांना मदत करणं हे त्यांचं कामच आहे. ते बिल भरतील असं धरून चालू नका, पण कागदपत्रं, नातेवाईकांचा तातडीचा व्हिसा, स्थानिक डॉक्टरांची यादी यासाठी उपयोग होतो.

कोरांटी:
सगळे छान लिहितायत, पण ऊनसावली कुठे आहेत? कसे आहेत तुमचे यजमान?

ऊनसावली:
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. काही दोनदा, काही त्याला वाचून दाखवले. आडवाट, तुमच्याबद्दल वाचल्यावर त्याने डाव्या हाताने अंगठा वर केला.

मी काय काय केलं ते सांगते. बेलवर आमचं नाव लावलं. घरमालकाकडून पाटी यायला आठवडा लागणार होता, म्हणून कागदावर लिहून चिकटपट्टीने चिकटवलं, पावसात भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिक. फ्रिजवर एक कागद: पत्ता, मजला, बेलवरचं नाव, ११२. खाली 'श्लागानफाल' आणि 'हेर्त्सइन्फार्क्ट' हे दोन शब्द देवनागरीत, म्हणजे पक्षाघात आणि हार्ट अटॅक. जिवावरचं नसेल पण दवाखाना बंद असेल तर ११६११७, हाही लिहिलाय. जुना फोन मुलांसाठी ठेवणार होते, तर कळलं की जर्मनीत २००९ पासून सिम नसलेल्या फोनवरून ११२ लागत नाही. त्यात सिम घातलं.

आता त्याचं. हात खांद्यापासून थोडा हलतोय. चालतो, काठीने. बोलणं हे सगळ्यात हळू आहे. वाचाउपचार करणाऱ्या बाई जर्मन आहेत, त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोलतात. पहिले दहा दिवस एकही शब्द आला नाही. परवा त्यांनी किल्लीचं चित्र दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "किल्ली." त्यांना वाटलं निरर्थक आवाज आहे. त्या 'नाही' अशी मान हलवायला लागल्या आणि मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, बरोबर आहे, तो बरोबर बोललाय!

त्यांनी वही बंद केली आणि मला म्हणाल्या, एकापेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांत कधी एक भाषा आधी परत येते. उद्यापासून मराठी शब्द घेऊन या. चित्रं माझ्याकडे आहेत, शब्द तुम्ही द्या, उच्चार मला शिकवा.

तर मंडळी, मदत हवी आहे. घरातल्या रोजच्या वस्तूंचे सोपे, शक्यतो दोन अक्षरी, जोडाक्षर नसलेले शब्द सुचवा. मला काल बसून वीसच सुचले.

कोरांटी:
लगेच! दार, चावी, घर, हात, नाक, कान, पाय, ताट, वाटी, माठ, दिवा, खाट, उशी, सुई, दोरा, पाटी, छत्री (नको, जोडाक्षर आहे), टोपी, सदरा, बूट, वही.

सातपुडा:
पंखा आणि खिडकी घ्या. आमच्या मुलीला ते आधी आले होते. नळ, बादली, तांब्या... तांब्या नको. मग, फणी, गादी, काठी.

निळीशाई:
ऊनसावली, त्याला तालात म्हणता येतंय का बघा. एक-दोन-तीन, वार, पाठ असलेली एखादी गोष्ट. सुटा शब्द अडतो तेव्हाही पाठ असलेलं कधी कधी सलग येतं. आधी बाईंना विचारा, मग करा.

ऊनसावली:
विचारलं, हो म्हणाल्या. आज संध्याकाळी वार म्हणून बघितले. सोमवार मी म्हटलं, मंगळवारला आम्ही दोघं एकदम होतो, बुध त्याने एकट्याने म्हटला आणि गुरुवारला अडला. बाई शेजारी बसून कागदावर लिहून घेत होत्या, रोमन अक्षरांत, चुकीचं. 'बुड' लिहिलं. त्याने ते पाहिलं, डाव्या हाताने पेन घेतलं आणि खोडून खाली देवनागरीत 'बुध' लिहिलं. अक्षर तिसरीतल्या मुलासारखं आहे. कागद माझ्याकडे आहे.

आडवाट:
गुरुवारपासून पुढचं उद्या कळवा. आम्ही इथेच आहोत.